फॉर्मवर सही माझीच होती

पोस्ट मोठी आहे. ज्यांची मुलं आठवी ते बारावीत आहेत आणि ज्यांना शाळेने टॅब किंवा शाळेचा ईमेल आयडी दिलाय, त्यांनी तरी वेळ काढून वाचा. बाकीच्यांनी चहा घेता घेता वाचली तरी चालेल. शाळेचं नाव लिहिणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका. नाशिकमध्ये आहे, एवढं पुरे.

मागच्या महिन्यातली गोष्ट. मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास शाळेतून फोन आला. "लगेच येऊ शकाल का? मिसेसना घेऊन आलात तर बरं. नाही नाही, मुलगी ठीक आहे. पण फोनवर नको." हे "पण फोनवर नको" ज्या बापाने ऐकलंय त्यालाच कळेल, सातपूरहून शाळेपर्यंतचं अंतर स्कूटरवर कसं कापलं जातं ते. बायकोला कळवलं नाही. म्हटलं, आधी बघू काय आहे.

केबिनमध्ये प्रिन्सिपल मॅडम, क्लास टीचर आणि काउन्सेलर मॅडम. खुर्चीत माझी लेक. नववीत आहे, वय १४. मान खाली, दोन्ही बाह्यांची बटणं उघडी. बटणं का उघडी आहेत ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मॅडमनी एक प्रिंटआउट पुढे सरकवला. वर तिचं नाव, हजेरी क्रमांक, तुकडी. खाली लाल पट्टी, त्यात 'हाय रिस्क' लिहिलेलं. त्याखाली वेळा आणि त्या वेळी इंटरनेटवर शोधलेली वाक्यं. रात्री १:४७, झोपेच्या गोळ्यांची सवय लागते का. १:५२, झोपेच्या गोळ्या रोज घेतल्या तर काय होतं. ही दोन लाल अक्षरांत. तिसरी ओळ काळ्या अक्षरांत होती. २:०५, पर्सनल लोनचे हप्ते थकले तर बँक काय करते.

काउन्सेलर मॅडम अतिशय मृदू आवाजात म्हणाल्या, "घरी काही टेन्शन आहे का? ती काही सांगायला तयार नाही. मीच सर्च केलं, प्रोजेक्टसाठी, एवढंच म्हणतेय."

आता तुम्ही म्हणाल, तीन बायका शिकलेल्या, अनुभवी. तिसरी ओळ वाचून एकीलाही प्रश्न पडला नाही का, की नववीतली मुलगी रात्री दोन वाजता पर्सनल लोनचे हप्ते कशाला शोधेल? नाही पडला. कारण ती ओळ लाल नव्हती. यंत्राने जे लाल केलं तेवढंच त्यांनी वाचलं. यात त्यांची चेष्टा करायची नाही मला. मीही ऑफिसात एक्सेल शीटमध्ये लाल झालेलेच आकडे बघतो.

त्या तिन्ही ओळी माझ्या होत्या.

सांगतोच आता, लपवून काय उपयोग, तीन परक्या माणसांना तर त्या दिवशी सांगून बसलो. मी एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. ऑर्डरी कमी झाल्या, चार महिन्यांपासून आम्हा ऑफिसवाल्यांना अर्धा पगार. घरी बोललो नव्हतो. बोलू, पुढच्या महिन्यात सुरळीत होईल, असं करत करत राहिलं. झोप उडाली. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. आणल्या, पण घ्यायची भीती वाटली, म्हणून रात्री हॉलमध्ये लॅपटॉप उघडून वाचत बसलो. एवढी साधी गोष्ट.

पण लॅपटॉपवर ब्राउझर उघडा होता तो मुलीच्या शाळेच्या ईमेलने लॉग-इन केलेला. शाळेचा टॅब लहान, त्यावर प्रोजेक्ट टाईप करणं अवघड, म्हणून तिने घरच्या लॅपटॉपवर शाळेचं अकाउंट घेतलं होतं. पद्धतशीर, मला विचारून. त्या वेळी स्क्रीनवर एक चौकट आली होती, तुमचं प्रोफाइल संस्थेकडून मॅनेज केलं जाईल वगैरे. मी म्हटलं ओके कर.

हे नीट समजून घ्या, कारण मलाही ते माहीत नव्हतं. आपल्याला वाटतं शाळा फक्त शाळेने दिलेल्या टॅबवर लक्ष ठेवते. प्रत्यक्षात पुष्कळदा पहारा वस्तूवर नसतो, लॉग-इनवर असतो. शाळेच्या आयडीने तुम्ही ज्या ब्राउझरमध्ये शिराल, तिथे शाळेने लावलेलं एक्स्टेन्शन आपोआप येऊन बसू शकतं. मग तो लॅपटॉप तुमच्या पैशाचा असो, इंटरनेट तुमचं असो, हॉल तुमचा असो, वेळ रात्री दोनची असो. त्या प्रोफाइलमध्ये जे टाईप होईल ते मुलाच्या नावावर जमा. बोटं कुणाची होती, हे यंत्राला कळायचा प्रश्नच नाही.

तर मी म्हणालो, "मॅडम, हे मी शोधलंय." लेकीने मान वर केली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. तिला माहीत होतं. प्रिंटआउट पाहताक्षणी तिने ओळखलं होतं की हे पप्पांचं आहे. दुसऱ्या तासापासून, म्हणजे दोन-अडीच तास, तिघीजणी आळीपाळीने विचारत होत्या आणि ही पोरगी "मीच केलं" म्हणत बसली होती. मनगटावर काही खुणा आहेत का ते बघायला त्यांनी तिच्या बाह्या वर करायला लावल्या होत्या. बटणं त्यासाठी उघडी.

मॅडमना हायसं वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं, आणि खोटं नव्हतं ते. पण पुढचंच वाक्य: "मग तुम्ही शाळेच्या अकाउंटवरून का सर्च केलंत? पॉलिसीप्रमाणे हा मिसयूज आहे." मी चक्क सॉरी म्हणालो. स्वतःच्या घरात, स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या औषधाबद्दल वाचलं म्हणून.

येताना लेक मागे बसली होती. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "पप्पा, लोनचं मी कशाला शोधेन, एवढं पण कळत नाही का त्यांना?" मग थोड्या वेळाने: "मम्मीला माहितीये का?" मी म्हटलं नाही. "मला माहिती होतं," ती म्हणाली. "तुम्ही रात्री फ्रिज उघडून नुसते उभे राहता."

यापुढचा एक परिच्छेद तिने काढायला लावलाय. हो, ही पोस्ट टाकण्याआधी तिला वाचायला दिली. दोन ठिकाणी काट मारली, एके ठिकाणी "हे असं नव्हतं, असं होतं" म्हणून दुरुस्ती केली. तिच्याबद्दल लिहायचं आणि तिला विचारायचं नाही, मग शाळेत आणि माझ्यात फरक काय.

आता माझा गुन्हा. मागच्या जूनमध्ये पालकसभा झाली. कंपनीचा एक तरुण प्रेझेंटेशन घेऊन आला होता. मुलं काय बघतात, काय शोधतात, कुणाला काय लिहितात, सगळं 'सुरक्षित' राहील. धोक्याचे शब्द आले की शाळेला अलर्ट. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला जे घडलं ते कुणी विसरलेलं नव्हतं. त्यानंतर राज्य सरकारने शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे केले आणि ते योग्यच होतं. सभागृहात तीच हवा होती. सेफ्टी म्हटलं की माणूस हात वर करतो. मीसुद्धा केला. पहिल्या रांगेत होतो, बहुतेक सगळ्यांच्या आधी केला. एक बाई मागून म्हणाल्या, "पण हे सगळं कोण बघणार?" त्यांच्याकडे आम्ही सगळ्यांनी असं बघितलं जणू त्यांच्या मुलालाच काहीतरी लपवायचंय.

फॉर्म ११ पानांचा, इंग्रजी, बारीक टाइप. शेवटच्या पानावर सही. मी हिशेब तपासणारा माणूस, दोन रुपयांचं व्हाउचर वाचल्याशिवाय पास करत नाही. हा फॉर्म पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर ठेवून सही केला.

कॅमेरा आणि हे सॉफ्टवेअर एकच, असं आम्ही धरून चाललो. ते एक नाहीत. जिन्यातला कॅमेरा मुलांजवळ येणाऱ्या मोठ्या माणसांवर नजर ठेवतो. बदलापूरनंतर मागणी होती ती तीच: शाळेतल्या मोठ्यांवर लक्ष ठेवा. हे सॉफ्टवेअर उलट्या दिशेने बघतं. मूल रात्री एकटं असताना त्याच्या मनात काय आलं, ते हे मोठ्यांना आणून देतं.

आमच्या शाळेत दप्तर तपासायचे. सिन्नर तालुक्यातली शाळा, सर कडक. कॉमिक्स, गोट्या, चिठ्ठ्या, जे सापडेल ते जप्त. पण दप्तर उघडताना आपण समोर उभे असायचो. हे काय आहे रे, विचारलं की सांगता यायचं, सर ते माझं नाही, ते शेजारच्याचं आहे. खरं असो, खोटं असो, बोलायला जागा होती. आणि मार खाल्ला की तिथेच संपायचं, त्याची प्रिंट निघत नव्हती.

त्या मंगळवारपासून रात्री झोप येत नव्हतीच, तर या विषयावर वाचत बसलो. (या वेळी स्वतःच्या मोबाइलवर.) जगात हे आधी कुठे झालंय का, आणि झालं तर पुढे काय झालं, एवढंच शोधत होतो.

अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्यात लोअर मेरियन नावाचा शाळांचा जिल्हा आहे. श्रीमंत भाग. तिथे सुमारे २,३०० मुलांना शाळेने लॅपटॉप दिले. चोरी झाली तर शोधता यावेत म्हणून आत एक सोय ठेवली: ती चालू केली की लॅपटॉपचा कॅमेरा दर १५ मिनिटांनी समोरच्याचा फोटो काढणार, सोबत स्क्रीनचाही. पालकांना याची कल्पना नव्हती. २००९ साली एका मुलाला शाळेत बोलावून त्याच्याच बेडरूममधला फोटो दाखवला गेला. हातात गोळ्या आहेत, शाळेला वाटलं ड्रग्ज. घरच्यांचं म्हणणं, अहो, त्या खायच्या गोड गोळ्या आहेत! मराठीत दोन्हीला गोळीच म्हणतात म्हणून मी हसलो, पण हसू टिकलं नाही. कोर्टात केस गेली, तपास झाला, तेव्हा ५० हजारांहून जास्त फोटो आणि स्क्रीनशॉट निघाले. त्यात मुलं घरात झोपलेलीसुद्धा होती. शेवटी शाळेच्या प्रशासनाने ६ लाख १० हजार डॉलर देऊन तडजोड केली. सुरुवात कशापासून झाली होती? लॅपटॉप चोरीला जाऊ नये म्हणून.

दुसरी गोष्ट स्वीडनची, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. शेलेफ्तिओ नावाच्या गावातल्या एका शाळेने कॅमेऱ्याने चेहरा ओळखून हजेरी घ्यायचा प्रयोग केला. फक्त २२ मुलं, फक्त तीन आठवडे. सगळ्यांची संमती घेतलेली. तरी २०१९ मध्ये तिथल्या डेटा संरक्षण खात्याने २ लाख क्रोनरचा दंड ठोकला. शाळा म्हणाली, संमती आहे ना. खात्याचं म्हणणं असं की विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो, दोघं एका पातळीवर नाहीत, त्यामुळे अशी संमती खरी संमती धरता येत नाही.

हे वाचलं आणि पार्किंगमधली माझी सही आठवली. नाही म्हणायची सोय होती का मला? असती तरी म्हटलं असतं का? वर्षाच्या सुरुवातीला, फी भरलेली, वर्गशिक्षिका समोर, मागे ५० पालकांची रांग. नाही म्हणणाऱ्याच्या मुलाकडे वर्षभर कसं बघितलं जाईल, हा विचार कुठला पालक करत नाही?

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. १८ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळेल, असं त्यात म्हटलेलं नाही. २०१९ मध्ये केरळ हायकोर्टासमोर कोळिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलीची केस आली. हॉस्टेलमध्ये संध्याकाळी ६ ते १० मोबाइल वापरायचा नाही असा नियम, तिने मानला नाही, तिला हॉस्टेलमधून काढलं. हायकोर्टाने तिला परत घ्यायला लावलं आणि इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे असं म्हटलं. ती मुलगी सज्ञान होती, माझी नाही, हे कळतं मला. पण शिस्तीच्या नावाखाली शाळा-कॉलेजला काहीही करता येत नाही, एवढं तरी त्यातून निघतं.

मग २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा. त्याचं कलम ९ वाचून मी खूश झालो होतो. १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मुलांबाबतच्या या जबाबदाऱ्या मोडल्या तर दंड २०० कोटींपर्यंत. म्हटलं, वा! मग नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले, त्यांचं चौथं परिशिष्ट वाचलं. तिथे सूट मिळालेल्यांच्या यादीत शिक्षणसंस्था आहेत. शैक्षणिक कामासाठी किंवा मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळा माग काढू शकते, पाळत ठेवू शकते. आणि या बहुतेक तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत, ती वेगळीच.

शाळेला थोडी सूट लागणार, हे मान्य. हजेरी घेणं हासुद्धा एक प्रकारे माग काढणंच आहे, स्कूलबस कुठे पोचली ते बघणंही. पण 'सुरक्षितता' हा शब्द केवढा ऐसपैस आहे बघा. त्यात रात्री १:४७ ही बसते आणि माझी झोपेची गोळीही बसते. सूट कशासाठी आणि कुठपर्यंत, शाळेची घंटा वाजल्यावर काय, घरातल्या लॅपटॉपचं काय, जमा झालेलं कधी पुसायचं, हे शाळेला दरवाजावर उभं राहून विचारणारं कुणी नाही.

बायकोला त्या रात्री सगळं सांगितलं. पगाराचं, हप्त्याचं, शाळेचं. पगारावरून जे झालं ते आमच्यापुरतं. शाळेबद्दल मात्र ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही चिडलात ते बरोबर. पण समजा ते तुम्ही नसता? खरंच एखाद्या पोरीने रात्री दोन वाजता ते शोधलं असतं, आणि शाळेला कळलं नसतं, मग?"

याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. तसं असतं तर मीच शाळेच्या पाया पडलो असतो. यंत्रामुळे एखादं पोर वाचत असेल तर कोण नको म्हणेल. पण जे झालं ते माझ्या डोळ्यांपुढे आहे. अलर्ट रात्री १:४७ चा, मुलीला बोलावलं सकाळी दुसऱ्या तासाला, मला फोन बाराला. जीव खरोखर धोक्यात असता तर? आणि बोलावलं तेही वर्गातून, सगळ्यांसमोर, शिपाई पाठवून. मधल्या सुट्टीपर्यंत नववीच्या दोन्ही तुकड्यांत झालेलं होतं की हिने गोळ्या घेतल्या. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या एका ताईंचा बायकोला वेगळा मेसेज आला, "कशी आहे आता बाळ? काळजी घ्या." बायकोला तोवर काहीच माहीत नव्हतं. म्हणजे आमच्या घरातली गोष्ट घरातल्या माणसाच्या आधी ग्रुपला कळली.

आमच्या शाळेत दीड-दोन हजार मुलं आणि काउन्सेलर मॅडम आठवड्यातून दोन दिवस. माणूस चांगला आहे, वेळ नाही. त्या सॉफ्टवेअरसाठी दर मुलामागे 'डिजिटल सेफ्टी' म्हणून वर्षाला पैसे घेतले जातात, फीच्या पावतीवर ओळ आहे. माझ्यासारखा अकाउंटवाला गुणाकार करणारच. त्या पैशांत आणखी दोन पूर्णवेळ काउन्सेलर बसल्या असत्या, ज्यांच्याकडे पोरं स्वतःहून गेली असती. निदान ज्यांना पोरांची नावं माहीत असती.

आणि यंत्र पकडतं कुणाला? शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांशी बोललो, त्यांनीच सांगितलं. शब्दांची यादी मुख्यतः इंग्रजी आहे. पोरं एकमेकांना मराठीत ज्या शिव्या देतात त्यातली एकही त्याला कळत नाही. पण शरीराबद्दलचे इंग्रजी शब्द आले की अडवतं. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये प्रजननाचा पाठ आहे, त्यावर अभ्यासाला काही शोधायला गेलेल्या मुलींचे अलर्ट आले म्हणे. बोर्ड शिकवतं ते शाळेचं यंत्र पकडतं! ज्यांच्या हातात स्वतःचा फोन आहे ती मुलं शाळेच्या लॉग-इनवर काही शोधतच नाहीत. राहिली कोण? ज्याच्या घरी दुसरा मोबाइल नाही, शाळेचा टॅब हेच सगळं आहे, ते पोर. पाळी चुकली, काका विचित्र वागतो, बाबा रोज पिऊन येतो, हे ज्या मुलीला कुणालाच विचारता येत नाही, ती ते विचारणार त्याच टॅबला.

आता विचारेल का? माझी लेक तरी नाही विचारत. त्या दिवसापासून शाळेच्या टॅबवर फक्त होमवर्क. परवा इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी काहीतरी शोधायचं होतं, दुसऱ्या महायुद्धातलं. टाईप करता करता थांबली आणि मला म्हणाली, "पप्पा, 'बॉम्ब' लिहिलं तर चालेल का?" नववीतली मुलगी हिरोशिमाबद्दल वाचायला घाबरतेय. अलर्ट आला नाही त्याचा, येणारही नाही.

मी शाळेला लेखी पत्र दिलंय. भांडणाच्या सुरात नाही, मॅडमशी माझं वैर नाही. विचारलंय एवढंच की माझ्या मुलीच्या नावावर जी 'हाय रिस्क' नोंद झाली ती पुसली का? तोंडी उत्तर मिळालं की सिस्टीममध्ये डिलीट करायची सोय आमच्याकडे नाही, कंपनीला कळवावं लागेल. मग ती नोंद आता कुठे आहे, कुणाकुणाला दिसते, ती दहावी पास होऊन गेली तरी राहणार का? कंपनी हा डेटा आणखी कशाला वापरते? अलर्ट आला की आधी कुणाला कळवायचं, वर्गात शिपाई पाठवायचा की घरी फोन करायचा, हे लिहून ठेवलंय का? आणि शाळा सुटल्यानंतर, शाळेच्या बाहेर हे बंद का ठेवता येत नाही? कॉम्प्युटरचे सर म्हणाले, वेळ सेट करायची सोय आहे, कुणी सांगितलंच नाही म्हणून चोवीस तास चालू आहे. कुणी सांगितलंच नाही!

पत्राला तीन आठवडे झाले. पोच मिळाली, उत्तर नाही. त्या मागून प्रश्न विचारणाऱ्या बाईंना शोधून काढलं, त्यांची माफी मागितली. पत्रावर त्यांचीही सही आहे, आणखी नऊ पालकांची आहे. बरेच जण म्हणाले, तुमचं बरोबर आहे, पण आमचं नाव नको. समजू शकतो. मागच्या जूनमध्ये मीही तेच म्हटलं असतं.

पगार या महिन्यात पाऊण आलाय. गोळ्या अजून तशाच कपाटात आहेत. पुढच्या वर्षाचा फॉर्म मात्र आला, या वेळी १४ पानं. मी सहीसाठी पेन काढला तर लेकीने हातातून ओढून घेतला, म्हणाली आधी वाचू तरी दे. डिक्शनरी घेऊन बसलीये. पान ६ वर आहे.